गुहेची पायवाट मागे

आमच्या डोंगरावर माणूस हरवूच शकत नाही! हे मी कोणाच्याही तोंडावर सांगायला तयार होतो, कारण त्या डोंगरावरचे चौतीसच्या चौतीस फलक मी लिहिलेले आहेत. रंगवलेत पेंटरने, पण मजकूर माझा. झरा कुठे, दगडी कमान कुठे, कोरीव गुहा कुठे, स्वच्छतागृह कुठे, सगळं माझ्या लेखणीतून उतरलंय. डोंगराच्या पायथ्याशी आमचं कार्यालय आहे, त्यात खिडकीजवळ माझं टेबल आहे आणि गेली अकरा वर्षं मी तिथे बसून लोकांना वाट दाखवतोय.

'बसून' हा शब्द जरा ध्यानात ठेवा.

फलक लिहिण्याचं माझं एक तत्त्व आहे. फलकावर क्रियापद नको! धापा टाकत वर आलेल्या माणसाला 'आहे', 'होते', 'जावे' असलं वाचायला सवड कुठे असते? 'झरा डावीकडे.' 'कमान वर.' 'स्वच्छतागृह खाली.' संपलं! पेंटर माझ्यावर खूश, कारण अक्षरं कमी. साहेब खूश, कारण पाटी लहान. नाखूश काय ते पर्यटक. ते खाली येऊन तक्रारवहीत लिहायचे, 'गुहा सापडली नाही.' आठवड्याला चार-पाच तरी. त्यांना उत्तर देणं हेही माझंच काम. सुरुवातीला हाताने लिहायचो, मग बोटं दुखायला लागली तेव्हा रबरी शिक्काच करून घेतला: 'कृपया फलक नीट वाचावेत.' शिक्क्यावर क्रियापद चालतं, कारण शिक्का एकदाच करायचा असतो.

आता खरं सांगतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी झऱ्यापर्यंत गेलो होतो. तिथल्या शेवाळावरून घसरलो तो थेट टेबलाशीच येऊन बसलो. त्यानंतर वर पाऊल टाकलेलं नाही. सगळे मजकूर जुन्या फायली आणि भिंतीवरचा नकाशा बघून लिहिले. पण हे घरी कसं सांगणार? लग्न नवं होतं. बायकोने काळजीने विचारलं, "रोज डोंगर चढावा लागतो का हो?"

मी म्हटलं, "नोकरीच ती!"

त्या संध्याकाळी तिने गरम पाण्याचं घमेलं माझ्या पायाशी आणून ठेवलं. वर मूठभर मीठ. अहाहा! त्या पाण्यात पाय बुडवले आणि खरं बोलायची इच्छाच विरघळून गेली. तेव्हापासून अकरा वर्षं, दिवसभर टेबलाखाली लांब करून ठेवलेले माझे पाय तिने डोंगर चढून दमलेले पाय समजून रोज शेकले.

आणि अशात सासरे आले.

सासरे म्हणजे निवृत्त मोजणीदार. जमिनी मोजण्यात उभी हयात गेलेली. माणूस भेटला की आधी त्याला नजरेने मोजतात आणि मगच बोलतात. त्यांच्या मोजणीत मी लग्नाच्या दिवसापासून दोन बोटं कमीच भरत आलोय. पण त्यांची लेक माझी बाजू अशी काही लावून धरायची की विचारू नका. "बाबा, ह्यांना त्या डोंगराचा दगड न् दगड ठाऊक आहे!" हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की अलीकडे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

जेवताना सासरे म्हणाले, "जावईबापू, एक काम होतं तुमच्याकडे."

सासऱ्यांचं माझ्याकडे काम! माझा घास हातातच राहिला.

"डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालंय माझं," ते म्हणाले. आवाज असा, जणू छत्री मोडल्याचं सांगतायत. "डॉक्टर म्हणतात, वर्षभरात नुसता उजेड आणि अंधार तेवढा कळेल. तरुणपणी हाच डोंगर मोजायला मी चाळीस दिवस इथे होतो. मोजणीची साखळी घेऊन खालून फिरत होतो. आमची हद्द गुहेच्या अलीकडेच संपली. डोंगर मोजून झाला, हरणं बघायची राहिली."

गुहेत एक भिंत आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्यावर हरणांचा अख्खा कळप कोरून ठेवलाय. साडेतीन ते चार या वेळात छताच्या भोकातून उन्हाचा कवडसा नेमका त्या भिंतीवर पडतो, बाकी दिवसभर गुहेत काळोख. हे सगळं आमच्या माहितीपत्रकात आहे. माहितीपत्रकही मीच लिहिलंय. 'हरणे एकूण एकेचाळीस.'

"मला आता मंद उजेडात काही दिसत नाही," सासरे म्हणाले. "कडक ऊन पडलं असेल तरच. परवा परतीची गाडी आहे. उद्या नेता का?"

"बाबा, ह्यांच्याबरोबर जायचं म्हणजे अगदी डोळे मिटून..." बायको म्हणाली आणि पुढचे शब्द तिने गिळले. पदराने तिने उगीचच ताटाची कड पुसली.

काय सांगू, मला भरून आलं. भरून आलं की माझा तोंडावरचा ताबा जातो. मी म्हणालो, "बाबा, साडेतीनच्या ठोक्याला तुम्हाला हरणांसमोर उभं करतो! नाही केलं तर नाव बदलेन!"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही निघालो. मी कार्यालयाचा बिल्ला छातीवर लावला. फाटकाशी तिकीटवाल्या बाईंनी मला पाहिलं आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अय्या! तुम्ही? वर?"

मी जोरात खोकलो.

"असं का म्हणाल्या हो त्या?" बायकोने विचारलं.

"विनोदी आहेत स्वभावाने," मी म्हटलं आणि झपझप पुढे निघालो.

सुरुवात झकास झाली. 'झरा डावीकडे', आणि खरोखरच डावीकडे झरा! शेवाळाचा टप्पा मी सासऱ्यांना हात देण्याच्या निमित्ताने त्यांचाच हात धरून पार केला. 'कमान वर', आणि वर खडकाची प्रचंड नैसर्गिक कमान! मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे "बाप रे!" असं तोंडातून निघून गेलं.

"रोज बघूनही कौतुक वाटतं ना?" बायको मायेने म्हणाली.

माझा बिल्ला आणि माझा आवाज यांचा परिणाम व्हायचा तो झालाच. टोपी घातलेले एक गृहस्थ कुटुंबातल्या सहा माणसांसह कमानीखाली घाम पुसत बसले होते. "तुम्ही इथलेच का? गुहा दाखवता?" मी म्हटलं, "या की, मागोमाग या!" एकाचं पाहून दुसरे उठले. कमान ओलांडली तेव्हा माझ्या मागे चांगली वरात होती.

कमानीच्या पलीकडे वाट खडकाला वळसा घालत पुढे जात होती आणि वळणावर माझा फलक उभा होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला:

'गुहेची पायवाट मागे.'

"मागे!" मी हात उंचावून म्हणालो. "चला, सगळे मागे फिरा!"

सासरे जागचे हलले नाहीत. काठीने जमीन चाचपत म्हणाले, "जावईबापू, पायाला पुढे वाट लागतेय. चांगली रुळलेली आहे."

"बाबा, पुढे फलक नाही," मी समजुतीने म्हणालो. "जिथे फलक नाही तिथे वाट नाही!"

एवढं ठाम बोललं की माणसं ऐकतात. सासरेही वळले. मागे आलो तसा कमानीजवळ एक फाटा दिसला, तो आम्ही धरला. वाट उतरायला लागली. उतरता उतरता छान पायऱ्याच लागल्या. मी म्हणालो, "बघा, पुरातन पायऱ्या!" त्या पायऱ्या आम्हाला घेऊन गेल्या त्या थेट स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीशी. वर माझाच फलक, 'स्वच्छतागृह खाली.' अगदी बिनचूक! वरातीतल्या पाचजणांनी तेवढ्यात सोय उरकून घेतली. तीन वाजायला आले होते.

पुन्हा चढ. पुन्हा कमान. पुन्हा तो फलक. आता मला धाप लागली होती आणि पिंढऱ्यांत गोळे आले होते, पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "मागे म्हणजे फलकाच्या मागे!" मी ओरडलो आणि फलकाच्या पाठीमागच्या काटेरी झुडपात घुसलो.

झुडपामागे झुडपं. त्यांच्यामागे घसरडी माती. त्यामागे खोलीएवढ्या दगडांचा ढीग, त्यातून मांजरसुद्धा पलीकडे जाईना. वळताना माझी पँट मागच्या बाजूने टर्रकन फाटली. फलकावरचं 'मागे' एवढं एका अर्थाने खरं ठरलं. सासऱ्यांना लेकीने दोन्ही हातांनी धरून आणलं होतं. त्यांच्या गालावर काट्याचा ओरखडा होता, पण ते तक्रार करत नव्हते. मिनिटामिनिटाला फक्त विचारत होते, "किती वाजले?"

"तीन पंचवीस," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही रोज ह्याच वाटेने जाता ना?"

"रोज... वेगवेगळ्या वाटांनी जातो."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मला घमेलं आठवलं.

टोपीवाले गृहस्थ काट्यातून टोपी सोडवत म्हणाले, "साहेब, तुम्ही नक्की इथेच काम करता ना?"

"म्हणजे काय! हे सगळे फलक मी स्वतः लिहिलेत!"

वरातीतली माणसं मोजली तर सतरा होती, आणि सतराच्या सतरा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यावरून मला कळलं की हे बोलायला नको होतं.

त्यानंतर मी धावतच सुटलो. कमानीच्या उजवीकडे गेलो, डावीकडे गेलो, एका बिळात तोंड घालून "गुहा?" असं विचारूनही आलो! साडेतीन वाजले. पावणेचार झाले. डोंगरावर ऊन असं कडक पडलं होतं, नुसतं वाया जात होतं. तिकडे भिंतीवर हरणं उजळून निघाली असतील, आणि ज्याच्यासाठी उजळायची तो म्हातारा माणूस इकडे काठीवर हनुवटी टेकून माझी वाट बघतोय. मी फलकापाशी परत आलो आणि मटकन खाली बसलो. रडायचाच बाकी होतो.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मला अक्षर दिसत नाही. काय लिहिलंय ते परत वाचा."

"गुहेची पायवाट मागे."

"मागे म्हणजे कधी?"

"कधी नाही हो बाबा, कुठे."

"कुठे असती तर एवढ्यात सापडली असती. एवढी माणसं शोधतायत. म्हणून विचारतो, मागे म्हणजे कधी?"

सहा वर्षांपूर्वीची फाइल डोळ्यांसमोर उघडली. त्यात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'गुहेची पायवाट मागे या फलकाच्या पाठीमागून होती. दरड कोसळल्याने ती बंद आहे. सरळ पुढे जावे.' पेंटर येऊन म्हणाला होता, "भाऊसाहेब, एवढं पुराण ह्या पाटीवर मावायचं नाही." मी लाल पेन घेतलं. दरड काढली. 'पुढे जावे' काढलं. 'पाठीमागून' काढलं. तीनच शब्द उरले, आणि त्यांच्या शेपटाला ते एक 'होती' लोंबत होतं. तेही उडवलं! काय सुटसुटीत दिसत होतं तेव्हा!

"बाबा," मी म्हणालो, "पूर्वी इथून वाट होती. आता नाही. आता पुढून आहे."

"मग फलकावर 'होती' का नाही?"

"मी खाल्लं ते."

सासरे उठले. काठी टेकत, खडकाला हात लावत, ते तीच रुळलेली वाट धरून पुढे निघाले आणि आम्ही एकोणीस डोळस माणसं त्यांच्या मागून. ते पावलं मोजत होते. खडकाचा वळसा संपला आणि समोर गुहेचं भलंमोठं तोंड. "चौसष्ट," सासरे म्हणाले.

चार वाजून सात मिनिटं झाली होती. कवडसा भिंत सोडून कोपऱ्यातल्या एका फालतू दगडावर जाऊन बसला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो बारीक होत गेला आणि विझला.

सासरे भिंतीसमोर ताठ उभे राहिले. "हीच ना?"

ती नुसती भिंत होती. बायकोने त्यांना खांद्याला धरून हळूच दुसरीकडे वळवलं. मोबाइलचा उजेड पाडला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पांढुरकं दिसतंय काहीतरी." मग लेकीला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाले, "मोठी आहे हं गुहा. आवाजावरून कळतं."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मी खाली बघितलंसुद्धा. सगळा खडक.

"तुम्ही इथे आधी कधी आलाच नव्हतात ना?" बायकोने अंधारातून विचारलं.

"नाही."

"एकदाही?"

"झऱ्यापर्यंत."

"आणि मग ते पाय?"

"कोणते पाय?"

"अकरा वर्षं शेकले ते!" गुहा खरंच मोठी होती. ते वाक्य तीनदा ऐकू आलं, आणि सतरा अनोळखी माणसांनीही ऐकलं.

खाली उतरल्यावर त्या माणसांनी तक्रारवहीसमोर रांग लावली. शेवटी सासऱ्यांनी वही मागितली. डोळ्यांपासून चार बोटांवर धरून, मोजणीच्या नकाशावर लिहितात तशा ताठ अक्षरात लिहिलं: 'फलक नीट वाचले. म्हणूनच वेळेत पोहोचलो नाही. फलकापासून गुहा चौसष्ट पावले, पुढे.'

दुसऱ्या दिवशी ती वही माझ्या टेबलावर आली. मी सवयीने शिक्का उचलला, शाईत बुडवला. सासऱ्यांच्या अक्षरावर तो मारायला हात काही धजेना. शेवटी कितीतरी वर्षांनी हाताने लिहिलं, 'चूक माझी आहे.' क्रियापदासकट. तेच वाक्य अठरा वेळा लिहिलं आणि बोटं पुन्हा दुखायला लागली.

सासऱ्यांनी परतीची गाडी सोडून दिली. "हरणं बघितल्याशिवाय जात नाही," म्हणाले. झालं! त्या दिवशी आभाळ भरून आलं. पुढल्या दिवशीही. मी खिडकीतून ढगांकडे अशा नजरेने बघायचो, जणू तेही मीच लिहून ठेवलेत. घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी ऊन पडलं. बापलेक वर गेले, मला कोणी 'चला' म्हटलं नाही. संध्याकाळी घरी आलो तर सासरे जेवायला बसलेले. निम्मं जेवण झाल्यावर बोलले.

"एकेचाळीस नाहीत. एकोणचाळीस आहेत. दोन नुसते ओरखडे आहेत."

"दुरुस्त करतो, बाबा."

"आणि खालच्या रांगेत एक पाडस आईकडे वळून बघतंय. ते तुमच्या माहितीपत्रकात नाही." मग ते पाणी प्यायले. मला वाटलं, प्यायला जरा जास्तच वेळ लावला.

आता ते जातील असं मला वाटलं होतं. पण फलक दुरुस्त करायचा म्हणजे फाइल आली, फाइल म्हणजे साहेबांचा शेरा, शेरा म्हणजे 'पाटीचे माप जोडावे'. तोवर लोकांनी हरवायचं का? सासऱ्यांनी प्रश्न स्वतःच सोडवला. रोज दुपारी ते काठी घेऊन फलकाशेजारी उभे राहतात आणि येणाऱ्याला सांगतात, "पुढे! चौसष्ट पावलं! मला आता धुरकट दिसतं, तुम्ही नीट बघून घ्या!" गुहा सापडली नाही अशी तक्रार त्यानंतर एकही आलेली नाही. माझा शिक्का वाळून कोळ झालाय. वहीत मात्र एका बाईंनी लिहिलं, 'फलक काढावा. आजोबा ठेवावेत.' त्याखाली साहेबांनी हिरव्या शाईत शेरा मारला: 'योग्य सूचना. तसेच संबंधित लिपिकाने रोज सकाळी सर्व चौतीस फलकांची समक्ष पाहणी करावी.'

संबंधित लिपिक म्हणजे मी. रोज सकाळी चढतो, चौतीस फलक बघतो आणि उतरतो. सकाळी गुहेत काळोख असतो, त्यामुळे हरणं मी अजून पाहिलेली नाहीत. पाय मात्र असे ठणकतात की रात्री चादरीचंही ओझं होतं. आयुष्यात पहिल्यांदा खरेखुरे दुखतायत!

संध्याकाळी घरी येतो तेव्हा घमेलं मांडलेलं असतं. पाण्यातून वाफ निघत असते, मीठही टाकलेलं असतं. आत सासऱ्यांचे पाय असतात. परवा अगदीच राहवलं नाही, दाराशीच भिंतीला टेकून म्हणालो, "अगं, पाय फार दुखतायत गं."

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. गरम पाण्याचा आणखी एक तांब्या घमेल्यात ओतत म्हणाली, "हो का? मागे दुखायचे तसेच का?"